थापाकोश



शब्दाचा अर्थ अडला तर कोश पाहावा, असें मीं पस्तीस वर्षें मुलांना सांगितलें. सेवानिवृत्त झाल्यापासून मात्र माझा उद्योग नेमका उलट झाला आहे. कोश उघडावयाचा, सहसा कोणास ठाऊक नसेल असा एकादा शब्द हुडकावयाचा, आणि त्याचा खरा अर्थ खोट्या अर्थांच्या गर्दींत दडवून समोरच्या मंडळींस "ओळखा पाहूं" म्हणावयाचें, हें काम मी दर रविवारीं रात्रीं आठ वाजतां नेमानें करतों. या पापांत माझे पांच भागीदार आहेत. माझे व्याही बदलापुरास असतात, ते मूळचे वऱ्हाडांतले. पुण्यास एक निवृत्त टपाल-अधिकारी आहेत. खोपोलीस कारखान्यांत हयात घालविलेले एक स्नेही, डोंबिवलीच्या एक परिचारिकाबाई, आणि पांचवी न्यू जर्सीस राहणारी माझी भाची. आमची रात्र ती तिची सकाळ. ती चहाचा पेला घेऊन बसते, आम्ही जेवण आटोपून. सगळा मेळा मोबाइलच्या पडद्यावर भरतो. परिचारिकाबाईंची आणि माझी प्रत्यक्ष गांठ अद्याप पडलेली नाहीं. पण त्यांची थाप मी शंभरांत ओळखीन, इतका परिचय मात्र झाला आहे.

खेळ असा. ज्याची पाळी असेल त्यानें कोशांतून एक शब्द काढून सर्वांना सांगावा. बाकीच्या पांचांनीं त्या शब्दाचा आपापल्या बुद्धीप्रमाणें एकेक खोटा अर्थ रचून त्यास गुप्तपणें कळवावा. मग त्यानें ते पांच खोटे आणि कोशांतला एक खरा, असे सहा अर्थ सरमिसळ करून एकाच सुरांत वाचून दाखवावे. प्रत्येकानें आपणांस खरा वाटेल तो निवडावा. खरा ओळखला तर दोन गुण. आपल्या थापेला जितके फसतील तितके गुण आपले. आणि कोणालाच खरा ओळखतां आला नाहीं, तर शब्द देणाऱ्यास तीन. चोरून कोश पाहणें वर्ज्य. ज्यास तो शब्द खरोखरच ठाऊक असेल त्यानें तसें आरंभींच कबूल करावें आणि त्या डावापुरतें तोंड मिटून बसावें. हा शेवटचा नियम ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडणार आहे.

या खेळास आम्हीं "थापाकोश" असें नांव दिलें आहे. खेळ आमचा नव्हे. इंग्रजांच्या दिवाणखान्यांत तो फार दिवसांपासून खेळला जात असे. १९६५ सालीं बी.बी.सी.नें त्याच धर्तीचा "कॉल माय ब्लफ" नांवाचा दूरदर्शन-कार्यक्रम सुरू केला आणि तो अनेक वर्षें चालला; १९८४ मध्यें कॅनडांतील टोरांटो येथें त्याचा पेटींतला खेळ होऊन "बाल्डरडॅश" या नांवानें विकूं लागला. भाचीनें तो तिकडे पाहिला आणि आमच्या माथीं मारला. आपल्याकडे उखाणे आहेत, कूटप्रश्न आहेत, भेंड्या आहेत. पण शब्दाला गंभीर चेहऱ्यानें खोटा अर्थ चिकटविण्याचा खेळ मीं लहानपणीं कोठें पाहिला नव्हता.

आतां खेळावयाचें तर कोश हवा. आम्ही दोन वापरतों. एक मोल्सवर्थसाहेबांचा, कँडी बंधूंच्या आणि आपल्या शास्त्रीमंडळींच्या साह्यानें झालेला. तो १८३१ सालीं निघाला; त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालची, आणि तींत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. दुसरा यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांचे सहकारी यांचा "महाराष्ट्र शब्दकोश". त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले व पुरवणी १९५० मध्यें आली. मी नोकरींत असतांना या सात विभागांचें एकत्र दर्शन मला क्वचितच घडलें. शाळेच्या कपाटांत एक फाटका विद्यार्थी-कोश होता आणि त्यावर सर्वांची गुजराण चाले. आज शिकागो विद्यापीठानें हे दोन्ही कोश संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. म्हणजे खालापूर तालुक्यांतील शब्दाचा अर्थ मी शिकागोहून मागवितों आणि न्यू जर्सीस पाठवितों. याला प्रगति म्हणावें कीं द्राविडी प्राणायाम, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

थोडे नमुने देतों. "घडवंची" हा शब्द निघाला तेव्हां टपाल-अधिकाऱ्यांनीं "घड्याळें दुरुस्त करणाराची बैठक" असा अर्थ रचला व दोघांना गारद केलें. वस्तुतः घडवंची म्हणजे पाण्याचे घडे ठेवण्याची लांकडी चौकट. "पाचुंदा" या शब्दावर आमच्या व्याह्यांनीं "पांच गांवांनीं मिळून केलेला निवाडा" अशी भारदस्त थाप मारली. खरें पाहतां पांच पेंढ्यांच्या जुडीस पाचुंदा म्हणतात. "अंबोण" म्हणजे "कैरीच्या लोणच्यास सुटलेलें पाणी" असें परिचारिकाबाईंनीं इतक्या सहजपणें लिहिलें होतें कीं, मला स्वतःला खरा अर्थ ठाऊक नसता तर मीहि फसलों असतों. आमच्या घरीं म्हैस होती; तिच्यासाठीं भिजत घातलेलें अंबोण मीं लहानपणीं रोज उचललें आहे. "निळवें" हा भाचीनें "ओढ्याकांठचा निळ्या पंखांचा लहान पक्षी" करून उडवून दिला. बिचारें निळवें हें धान्य मोजण्याचें माप, शेराचा सोळावा हिस्सा! दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें आणि दोन मापट्यांचा शेर, ही परवचा ज्या घरांत रोज संध्याकाळीं घोकली जाई त्या घरांतील नातवंडांस आज किलोग्रॅमखेरीज कांहीं माहीत नाहीं, आणि असण्याचें कारणहि नाहीं. मापें गेलीं तेव्हां शब्द गेले. त्याबद्दल गळा काढणाऱ्यांपैकीं मी नव्हें.

खरा अर्थ ओळखावा कसा, याचीहि एक युक्ति हळूहळू साधते. कोशकार हा मितभाषी गृहस्थ असतो. तो लिंग सांगतो, प्रांत सांगतो, दोन शब्दांत वस्तु सांगतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. थाप मारणारास मात्र आपली थाप सजविल्यावांचून राहवत नाहीं. त्यांत पक्षी येतात, पौर्णिमा येते, विरहिणी येते. म्हणून जो अर्थ रुक्ष, तो बहुधा खरा. पण या नियमानेंहि एकदां दगा दिला. मीं "पागोळी" हा शब्द दिला होता. पावसांत कौलारू छपराच्या कडेवरून पाण्याची जी धार खालीं गळत राहते ती पागोळी. भाची लहानपणापासून गच्चीच्या इमारतींत वाढलेली; हा अर्थ फारच काव्यमय आहे, मामांनींच तो रचला असावा, असें म्हणून तिनें टाकून दिला. मला तीन गुण मिळाले. त्या वेळीं आमच्या कर्जतच्या घरास पागोळ्या लागलेल्याच होत्या. मीं मोबाइल खिडकीबाहेर धरून तिला दाखविल्या. तेवढ्यांत वीज गेली.

कोणी म्हणेल, उगाच भाषेची थट्टा कशाला? खोटे अर्थ पसरून नवीन पिढीचा गोंधळ नाहीं का होणार? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. छापलेल्या कोशांतहि खोटा शब्द शिरल्याचें उदाहरण आहे. अमेरिकेंतील वेब्स्टरच्या मोठ्या कोशाच्या १९३४ सालच्या आवृत्तींत "डोर्ड" असा एक शब्द छापला गेला आणि त्याचा अर्थ घनता असा दिला गेला. झालें होतें इतकेंच कीं, घनतेसाठीं "डी" हें अक्षर मोठें किंवा लहान कसेंहि वापरावें, अशा आशयाची एक चिठ्ठी संपादकांच्या कार्यालयांत होती. "डी ऑर डी" हीं तीन पदें कोणीतरी जोडून वाचलीं आणि एक शब्द जन्मास आला. १९३९ सालीं संपादकांपैकीं एकाच्या तें लक्षांत येईपर्यंत तो त्या ग्रंथांत निर्वेधपणें नांदला. आमच्या थापा डाव संपतांच फुटतात. हा गृहस्थ मात्र पांच वर्षें पंडितांच्या पंक्तीस जेवला.

आणि चूक तर कोणाची होत नाहीं? डॉक्टर जॉन्सन यानें १७५५ सालीं इंग्रजीचा प्रसिद्ध कोश केला. घोड्याच्या पायाच्या, खुराच्या लगेच वर असलेल्या भागाचें जें नांव, त्याचा अर्थ त्यानें घोड्याचा गुडघा असा दिला होता. एका बाईनें त्यास विचारलें कीं, आपण असें कसें लिहिलें? त्यावर, निव्वळ अज्ञानामुळें, असें त्यानें सरळ उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट मी वर्गांत मोठ्या आवडीनें सांगत असें. ती सांगतांना माझी नजर वर्गावरून किंचित् वर, भिंतीवरच्या नकाशाकडे जात असे. त्याचें कारण आतां सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं शब्द देण्याची पाळी टपाल-अधिकाऱ्यांची होती. खोपोलीकर लग्नास गेले होते, म्हणून आम्ही पांचच होतों. त्यांनीं शब्द दिला, "आवण". मीं नियमाप्रमाणें तात्काळ कबूल केलें कीं हा शब्द मला माहीत आहे, आणि गप्प बसलों. बाकीच्या तिघांनीं अर्थ लिहून पाठविले. टपाल-अधिकाऱ्यांनीं चार अर्थ वाचले. त्यांतील एक असा होता: "आवण, न. आवतण या शब्दाचा संक्षेप, जेवणाचें बोलावणें." व्याह्यांनीं तो निवडला. परिचारिकाबाईंनींहि तोच निवडला. भाची टाळ्या पिटूं लागली, कारण ती थाप तिची होती. सगळे हंसले. मामा कां हंसत नाहींत, असें भाचीनें विचारलें.

मी मूळचा नगर जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवचा. ज्वारी-बाजरी सोडून दुसरें पीक मीं पाहिलें नव्हतें. मॅट्रिक झालों, शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें आणि १९८२ च्या जून महिन्यांत खालापूर तालुक्यांतील एका लहानशा शाळेवर रुजू झालों. कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा होऊन तेव्हां जेमतेम दीड वर्ष झालें होतें; जुने लोक अद्याप कुलाबाच म्हणत. पाऊस म्हणजे काय चीज आहे तें मला त्या महिन्यांत प्रथम कळलें. कपडे वाळत नसत, खडू ओला होई, आणि जुलै उजाडतांच वर्गांतील निम्मीं मुलें नाहींशीं झालीं. घरोघरच्या आळसास मीं मनांतल्या मनांत शिव्या दिल्या.

चौथींतला एक मुलगा चार दिवसांनीं उगवला. न येण्याचें कारण लिहून आणावें असा माझा दंडक होता. त्यानें वहीच्या पानावर लिहिलें होतें कीं, आमचें आवण होतें म्हणून मी चार दिवस शाळेंत आलों नाहीं. मीं तांबड्या शाईची लेखणी काढली, "व" आणि "ण" यांच्यामध्यें काकपद दिलें आणि वर "त" हें अक्षर लिहिलें. मग वहीं वर धरून सगळ्या वर्गास ऐकूं जाईल असें म्हणालों, "चार दिवस आवतण! मोठे मानकरी दिसतां. पंक्तीला काय काय होतें?"

वर्ग हंसला नाहीं. एकहि मूल हंसलें नाहीं. माझा विनोद या मुलांच्या डोक्यावरून गेला, असें मला वाटलें. भाषेचा गंध नाहीं, असेंहि वाटलें. तो मुलगा वही घेण्यास पुढें आला तेव्हां त्याच्या बोटांचीं टोकें पांढरीं पडून सुरकुतलेलीं मीं पाहिलीं. पाहिलीं आणि सोडून दिलीं.

ज्यांनीं भाताची शेती पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. उन्हाळ्यांत जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर घालून तें सर्व भाजतात, हा राब. पाऊस पडला कीं त्या भाजलेल्या जागीं भाताचें बीं पेरतात. तीन-चार आठवड्यांत रोपें टीचभर वर येतात. मग चिखल केलेल्या खाचरांत तीं एकेक करून पुन्हां लावावयाचीं. तीं रोपें म्हणजे आवण, आणि ती लावणी म्हणजेहि आवण. हें काम पाऊस सांगेल त्या दिवशींच करावें लागतें. रोपें जून झालीं कीं उपयोग नाहीं. घरांतील हात असेल नसेल तो सर्व खाचरांत उतरतो. पहांटेपासून अंधार पडेपर्यंत घोटाभर पाण्यांत वांकून उभें राहावयाचें. ज्या मुलास मीं पंक्तीचीं पक्वान्नें विचारलीं, तो चार दिवस तेथें होता.

मला हें समजण्यास पुढचा पावसाळा उजाडावा लागला. ज्यांच्या ओटीवर मी बिऱ्हाड करून होतों त्या घरच्या म्हातारीनें सुनेस विचारलें, "आवण निघालं का गो?" मीं विचारपूस केली आणि मला अर्थ कळला. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तें खरें नव्हे. झोंप उत्तम लागली. सकाळीं उठून एवढेंच ठरविलें कीं, आतां तो मुलगा पांचवींत गेला आहे, जुनी गोष्ट उकरण्यांत अर्थ नाहीं, आणि गुरुजींचीच दुरुस्ती चुकली असें मुलांसमोर म्हटल्यास शिस्तीस बाध येईल. त्याच वर्षीं मीं जॉन्सनची गोष्ट वर्गांत पहिल्यानें सांगितली. जॉन्सनास जें एका वाक्यांत जमलें तें मला चाळीसांहून अधिक वर्षें जमलें नव्हतें.

हें सगळें मीं त्या रविवारीं मोबाइलवरच्या मंडळींस सांगितलें. खेळ तेवढ्यावरच थांबला. परिचारिकाबाई म्हणाल्या, "गुरुजी, तो मुलगा आहे का तिकडे?"

होता. तो सातवीनंतर शाळा सोडून गेला हें मला माहीत होतें. कर्जत स्थानकाबाहेर तो रिक्षा चालवितो, हेंहि माहीत होतें, कारण मी त्याच्या रिक्षांत अनेकदां बसलों होतों. वय पन्नाशीपलीकडे गेलें आहे. वडिलांच्या खाचरांपैकीं बरींचशीं मुंबईच्या एका गृहस्थांनीं विकत घेतलीं. जेथें आवण होत असे तेथें आतां बंगल्यापुढची हिरवळ आहे आणि तिला पाणी घालण्यास माणूस ठेवला आहे. भाव चांगला आला, असें तो स्वतःच सांगतो. दोन दिवसांनीं मी मुद्दाम स्थानकावर गेलों. पाऊस होता, भाडें नव्हतें. मी रिक्षांत बसलों आणि त्याला सर्व हकीकत सांगितली, तांबड्या शाईसुद्धां.

त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली. "नाय आठवत, गुरुजी," तो म्हणाला. मला वाटतें, तो खरेंच बोलत होता. मला थोडेसें वाईटच वाटलें. इतकीं वर्षें मीं जी गोष्ट जपली तिचा दुसऱ्या बाजूस मागमूसहि नव्हता. कदाचित् असेलहि, गुरुजींस अवघडल्यासारखें होऊं नये म्हणून त्यानें तो पुसला असेल. रिक्षावाल्याचा चेहरा आरशांत अर्धाच दिसतो.

मग त्यानें विचारलें, "तुमच्या त्या बुकांत इरलं हाय का?"

आहे, म्हणून मीं सांगितलें. मोबाइल काढून त्याला शब्दाची जागा दाखविली आणि अर्थ वाचला. तो "बराबर" म्हणाला, पण त्याचें समाधान झालेलें दिसेना. तो खालीं उतरला. मागच्या बाजूस ठेवलेला प्लास्टिकचा कागद त्यानें डोक्यावरून पाठीवर सोडला आणि भर पावसांत, स्थानकासमोरच्या चिखलांत, कमरेंत वांकला. दोन्ही हात मोकळे सोडून त्यानें लावणीचा हात करून दाखविला: डाव्या हातांत रोपांची मूठ, उजव्या हातानें एकेक चूड चिखलांत. "छत्री धरली तर एक हात गेला," तो वांकूनच म्हणाला. "इरल्याखालीं दोन्ही हात चालतात. आयचं इरलं पलसाच्या पानांचं व्हतं." शेजारच्या रिक्षावाल्यांना आमच्या शहाणपणाविषयीं शंका आली असावी. तेवढ्यांत लोकल आली, त्याला चौकाकडचें भाडें मिळालें आणि मला रिक्षांतून उतरावें लागलें.

त्यानंतर तो मला अधूनमधून शब्द देतो. सगळेच कोशांत सांपडतात असें नाहीं. मागच्या आठवड्यांत दिलेला शब्द मीं दोन्ही कोशांत व पुरवणींत शोधला, सांपडला नाहीं. अर्थ विचारला तर तो सांगेना. "तुम्हीच वळखा," म्हणतो. मीं आतांपर्यंत दोन अर्थ सांगून पाहिले, दोन्ही चुकले. तो शब्द कोणता तें येथें सांगतां येत नाहीं, कारण खेळ अजून चालूं आहे आणि बदलापूरचे व्याही हें भाषण ऐकत आहेत. माझी मुदत रविवारपर्यंत आहे.